लोणारचा खार : आपल्या जिल्ह्यातल्या बंद पडलेल्या 'खाणी'चं भूशास्त्र आणि इतिहास

लोणार (वार्ताहर) : मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या गावात एका शेतकऱ्याच्या विहिरीला सुरुंग लावला आणि पस्तीस-चाळीस फुटांवर दगडाच्या पोकळीत पांढरेशुभ्र चकाकते खडे निघाले. संध्याकाळपर्यंत तालुक्यात बातमी पसरली, 'चांदीची खाण लागली'. दोन दिवस मला फोन थांबले नाहीत. एक जण तर खडे रुमालात बांधून सराफाकडे घेऊन गेला. सराफ हसला आणि म्हणाला, "भाऊ, ही गारगोटी हाये."

त्यावेळी बातमी दिली नाही, पण मनात प्रश्न राहिला. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात चांदी, शिसं असं काही आहे का? नसेल तर काहून नाही? आणि जमिनीतून काढून बाजारात विकावं असं आपल्याकडे कधी काही होतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे. ते आपल्या डोळ्यांसमोर आहे, पण त्याला कोणी खाण म्हणत नाही. ते म्हणजे लोणार सरोवरातला खार. कित्येक शतकं इथून खार निघाला, विकला गेला, त्यावर सरकारला महसूल मिळाला. आज ते काम पूर्ण बंद आहे. त्याचीच ही माहिती.

*चांदी-शिसं आपल्याकडे का नाही?*

आधी हा विषय संपवू, म्हणजे पुढच्या विहिरीला कोणी सराफाकडे जाणार नाही.

चांदी बहुतेक वेळा एकटी सापडत नाही. ती शिशाच्या धातुपाषाणात मिसळलेली असते. त्या पाषाणाला गॅलेना म्हणतात. दिसायला करडा, चकाकता, आणि हातात घेतला की वजनाने लगेच कळतो. आपल्या देशातलं याचं मोठं ठिकाण म्हणजे राजस्थानात उदयपूरजवळचं जावर. तिथे दोन हजार वर्षांहून जुन्या खाणी आहेत. शिसं, चांदी आणि जस्त तिथून निघायचं. जस्त गाळायच्या मातीच्या नळ्यांचे ढीग आजही तिथे पडलेले आहेत. तो सगळा खडक अरवलीचा, फार जुना. जगातल्या सर्वांत जुन्या खडकांपैकी नसला तरी आपल्या काळ्या पत्थरापेक्षा कितीतरी पटीने जुना.

आपल्या जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पत्थराचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला. एकावर एक थर साचले. त्याला दख्खनचा पठारी खडक किंवा 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. विहीर खोदताना आपल्याला जे लागतं, म्हणजे वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग घट्ट काळा पाषाण आणि मधे कधी लालसर गेरूसारखा पट्टा, ते सगळे या थरांचेच भाग आहेत. लाल पट्टा म्हणजे दोन लाव्हांच्या मधल्या काळात उन्हापावसाने कुजलेला जुना पृष्ठभाग.

या लाव्हात चांदी-शिशाच्या शिरा तयार झाल्या नाहीत. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे पाण्यातून आलेली गारगोटी, कॅल्साइट, झिओलाइट अशी खनिजं त्या पोकळ्यांत जमली. विहिरीतले चकाकते खडे ते हेच. महाराष्ट्रातली मोठी खनिजं जिथे काळा पत्थर संपतो तिथे आहेत. नागपूर-भंडाऱ्याकडे मँगनीज, चंद्रपूर-यवतमाळकडे कोळसा. आपण मधोमध लाव्हावर बसलेलो. उत्तरेकडे मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर या बाजूला पूर्णेचा गाळ आहे, तिथेही धातू नाही.

मग लोणारला खार कुठून आला? त्यासाठी खड्ड्याची गोष्ट समजून घ्यावी लागते.

*खड्डा कसा पडला*

लोणारचं विवर जवळपास गोल आहे. व्यास सुमारे १.८३ किलोमीटर, काठापासून तळापर्यंत खोली दीडशे मीटरच्या आसपास. काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा वीस-तीस मीटर उंच आहे. म्हणून लांबून येणाऱ्याला आधी टेकडीसारखा चढ लागतो आणि वर गेल्यावर एकदम खाली पाणी दिसतं.

बरीच वर्षं शास्त्रज्ञ याला ज्वालामुखीचं तोंड समजत होते. त्यात त्यांची चूक म्हणता येत नाही, सगळा खडकच लाव्हाचा. १८६८ च्या सुमारास विल्यम ब्लॅनफर्ड यांनी ज्वालामुखीचंच कारण मांडलं. १८९६ मध्ये अमेरिकेतले भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनी अ‍ॅरिझोनातल्या विवराचा अभ्यास करताना लोणारशी असलेलं साम्य लक्षात आणून दिलं. गंमत अशी की त्यांनी अ‍ॅरिझोनाचं विवरही तेव्हा वाफेच्या स्फोटाने झालं असंच ठरवलं होतं. १९१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ला टूश आणि क्रिस्टी यांनी लोणारवर सविस्तर लेख प्रसिद्ध केला. विवराच्या उत्पत्तीबाबत त्यांचाही कल भूगर्भातल्या हालचालीकडेच होता. खाराबाबत मात्र त्यांनी जे सांगितलं ते आजही कामाचं आहे, ते पुढे येईल.

निकाल लागला १९७३ मध्ये. सरोवराच्या तळात यंत्राने छिद्रं घेतली. सुमारे शंभर मीटर गाळाखाली फुटलेला, चिरडलेला बेसॉल्ट लागला. त्यात मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. खडकातल्या फेल्डस्पार या खनिजावर प्रचंड धक्का बसला की ते न वितळताच काचेसारखं होतं. ज्वालामुखीत एवढा दाब तयार होत नाही. तो आकाशातून पडलेल्या उल्केच्याच आघाताने होतो. या मॅस्केलिनाइटची ओळखही पहिल्यांदा आपल्याच देशात पडलेल्या एका उल्केत झाली होती. ती १८६५ साली बिहारमधल्या शेरघाटी इथे पडली होती.

उल्का कधी पडली यावर अजून एकमत नाही. एका पद्धतीने वय सुमारे ५२ हजार वर्षं येतं. २०११ मध्ये आर्गॉन वायूच्या पद्धतीने काढलेलं वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं. फलकांवर, पुस्तकांत, गाईडच्या तोंडी ५० किंवा ५२ हजार असतं. वाचकांनी दोन्ही आकडे लक्षात ठेवावेत.

विवराच्या भिंतीत लाव्हाचे पाच-सहा थर एकावर एक दिसतात. काठाजवळ हे थर बाहेरच्या बाजूला झुकलेले आहेत, काही ठिकाणी पार उलटलेले. जमिनीवर जोरात पहार मारली की कड जशी वर उचलून बाहेर पडते, तसं. फेकला गेलेला दगडचुरा काठापासून सरासरी सव्वा ते दीड किलोमीटरपर्यंत पसरला. आमचं एक वावर याच बाहेरच्या उतारावर आहे. त्यातले दगड वेचून बांधावर टाकण्यात माझ्या आज्याचं आयुष्य गेलं, नंतर बापाचं. या वावरात दगड संपत काहून नाहीत, असं आम्ही म्हणायचो. ते दगड आघाताने उडालेले आहेत हे मला चाळिशीत कळलं.

*खार कसा तयार होतो*

आता मुख्य मुद्दा. विवरात पाणी येण्याच्या वाटा आहेत, बाहेर जाण्याची एकही नाही. पाऊस पडतो, काठावरून ओहोळ येतात, शिवाय धार, सीतान्हाणी, रामगया, पापहरेश्वर असे गोड्या पाण्याचे झरे आहेत. ईशान्येच्या बाजूला धारेच्या पाण्याने काठ कापून घळ केली आहे. हे सगळं पाणी खाली जमतं आणि फक्त उन्हाने आटतं.

झऱ्याचं पाणी गोड लागलं तरी त्यात थोडे क्षार असतातच. पाणी बेसॉल्टमधून झिरपताना खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम थोडंथोडं विरघळवून आणतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. दरवर्षी थोडे, अशी हजारो वर्षं. ला टूश आणि क्रिस्टी यांनी १९१२ मध्ये हेच मांडलं होतं. खार पाताळातून येत नाही, भोवतालच्या खडकातून पाण्याबरोबर येतो आणि कोंडून राहतो.

मग चुनखडी का नाही जमली, सोडाच का जमला? ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना हे लगेच कळेल. ठिबकच्या नळीला आणि तोटीला पांढरा कडक थर बसतो, अॅसिड सोडून तो काढावा लागतो. तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. पाणी आटायला लागलं की कॅल्शियम आधी खाली बसतं. सोडियम मात्र सहजासहजी बसत नाही, पाण्यातच राहतं. लोणारला हेच मोठ्या प्रमाणात घडलं. कॅल्शियम गाळात गेलं आणि वर राहिलेल्या पाण्यात सोडियम कार्बोनेट, सोडियम बायकार्बोनेट आणि साधं मीठ वाढत गेलं. पहिली दोन मिळून जे घट्ट स्फटिक होतात त्याला ट्रोना म्हणतात. आपला खार म्हणजे मुख्यतः हाच, जोडीला मीठ.

म्हणून लोणारचं पाणी समुद्रासारखं नुसतं खारट नाही, ते अल्कधर्मी आहे. त्याचा सामू साधारण साडेनऊ ते साडेदहा असतो. चांगल्या पिण्याच्या पाण्याचा सातच्या आसपास असतो. बोटं बुडवली की साबण लावल्यासारखी बुळबुळीत होतात.

शेतकरी बांधवांसाठी आणखी एक गोष्ट. आपल्याकडे 'चोपण' जमीन म्हणतात ती याच रसायनाची धाकटी बहीण. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत सोडियम साठतं, सामू साडेआठच्या वर जातो, माती ओली असताना चिकट आणि सुकल्यावर दगड होते. तिथे जिप्सम टाकतात, म्हणजे कॅल्शियम देऊन सोडियम हटवतात आणि चर काढून निचरा करतात. निचरा बंद केला की काय होतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण लोणारच्या तळाशी आहे.

पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा हा मात्र वेगळा विषय आहे. तिथला खारेपणा नदीच्या गाळातल्या भूजलाचा आहे, त्याचा विवराशी संबंध नाही. दोन्हीकडे 'खार' म्हणतात म्हणून गल्लत होते.

*दल्ला, पापडी, भुसकी*

खार काढण्याचं काम उन्हाळ्याचं. पावसाळ्यात पाणी वाढतं आणि खार विरघळून जातो. माघ-फाल्गुनापासून पाणी काठावरून मागे सरकू लागतं. चैत्र-वैशाखात उघड्या पडलेल्या चिखलावर पांढरी साय धरते आणि आतल्या चिखलात स्फटिकांचे गठ्ठे बसतात. मजूर पाण्यात उतरून पायांनी, हातांनी चाचपून ते गठ्ठे फोडून काढायचे, काठावर आणून वाळवायचे. वर वैशाखाचं ऊन, खाली कातडी सोलणारं पाणी आणि चिखलाचा सडक्या अंड्यासारखा वास. तो वास आजही येतो. तळाच्या चिखलात प्राणवायू नसतो, तिथल्या सूक्ष्मजीवांमुळे गंधकाचा वायू तयार होतो.

एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींत खाराच्या वेगवेगळ्या जातींची नावं आहेत. दल्ला, निमक दल्ला, खप्पल, पापडी, भुसकी, माधी खार. कापसाची जशी प्रतवारी, तशी ही खाराची. दल्ला म्हणजे स्फटिकांचा ढेप, चांगल्या प्रतीचा. निमक दल्ल्यात मिठाचा भाग जास्त. पापडी आणि भुसकी कशी असेल ते नावातच आहे. पाण्याबाहेर पापुद्रा धरलेली पापडी, भुसभुशीत ती भुसकी. इतकी नावं तयार होतात तेव्हा समजावं की मालाची पारख करणारे लोक होते, वेगवेगळी गिऱ्हाईकं होती आणि वेगवेगळे भाव होते.

गिऱ्हाईक कोण? साबण करणारे, कारण चरबी किंवा तेल आणि सोडा एकत्र शिजवल्याशिवाय साबण होत नाही. काच आणि बांगड्या करणारे, कारण वाळूत सोडा घातला की ती कमी आचेवर वितळते. रंगारी आणि कपडे धुणारे. औषधी वापर वेगळा. आणि घराघरातली बाई, कारण उडदाच्या पापडाला खार लागतोच. माझी आजी दुकानातल्या पापडखाराला नावं ठेवायची. "हा नुसता फेस, याला धार नाही," म्हणायची.

*अकबराच्या काळापासून महसूल*

लोणार नावातच लवण आहे. लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली राहायचा आणि विष्णूने दैत्यसूदन रूप घेऊन त्याला मारलं, ही कथा आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. गावातलं दैत्यसूदन मंदिर त्याच कथेचं. काठावर कमळजा देवीचं मंदिर, जवळच सासू-सुनेची विहीर. त्या विहिरीचं पाणी एका बाजूला गोड आणि एका बाजूला खारं असं सांगतात. गोडा झरा आणि खारं तळं शेजारीशेजारी असलेल्या जागी अशी विहीर असणं समजण्यासारखं आहे.

लेखी इतिहासात खाराचा उल्लेख सोळाव्या शतकाच्या अखेरीस येतो. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात मेहकर सरकारातलं लोणार आहे. हे पवित्र ठिकाण आहे, भोवती डोंगर आहेत, काच आणि साबण यांना लागणारा माल इथे मिळतो आणि त्यातून चांगला महसूल येतो, असा त्याचा आशय. म्हणजे सव्वाचारशे वर्षांपूर्वी दिल्ली-आग्र्याच्या दप्तरात आपल्या खाराची नोंद होती.

पुढे वऱ्हाड निजामाकडे गेलं. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सरोवर पाहून त्याची नोंद केली. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८७० चं वऱ्हाडचं गॅझेटियर आणि १९१० चं बुलडाणा जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं. सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ क्रिस्टी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे आले, त्यामागेही उत्पत्तीच्या कोड्याइतकाच या सोड्याचा प्रश्न होता. किती खार आहे, कुठून येतो, काढला तर परत भरतो का?

यात एक उलटा हिशोब आहे, तो शेतकऱ्यालाच कळेल. पाऊस भरपूर झाला की पाणी वाढतं, खार पातळ होतो, काढायला काही मिळत नाही. पाऊस दगा देतो त्यावर्षी पाणी खाली जातं आणि खार वर येतो. म्हणजे शेती बुडाली की खार चांगला. दुष्काळात ज्याच्या घरात ज्वारी नाही तो मजूर खार काढायला उतरू शकत होता. हे काम म्हणजे एक प्रकारे त्या भागाची रोजगार हमीच होती, फक्त कोणी तिला तसं नाव दिलं नव्हतं.

*काम बंद का पडलं*

खार संपला म्हणून काम बंद पडलं नाही. बाजार गेला म्हणून बंद पडलं.

१७९१ मध्ये फ्रान्समध्ये लेब्लांक यांनी मिठापासून सोडा करायची रीत काढली. १८६१ मध्ये बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हे यांनी त्याहून स्वस्त रीत शोधली. मीठ, चुनखडी आणि अमोनिया वापरून कारखान्यात हवा तेवढा, एकसारख्या प्रतीचा, बारमाही सोडा. तो जहाजांतून इकडे येऊ लागला. पुढे आपल्याच देशात, गुजरातच्या किनाऱ्यावर मिठापूरला १९३९ साली टाटा केमिकल्सची स्थापना झाली. पोत्यावर पोतं सारखं, पावसापाण्याची भानगड नाही. त्यापुढे दल्ला फोडून, चिखल धुऊन, बैलगाडीने घाट चढवून नेलेला माल टिकणार कसा? हातमागाचं आणि गुऱ्हाळाचं जे झालं तेच खाराचं झालं.

नंतर कायदाही आला. २००० साली लोणार वन्यजीव अभयारण्य जाहीर झालं. अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही, मग खार दूरच. २०२० साली सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. नाशिकच्या नांदूर मधमेश्वरनंतरचं हे राज्यातलं दुसरं.

*गाळात लिहिलेला पावसाचा हिशोब*

खार बाजारातून गेला, पण त्याची किंमत दुसऱ्याच ठिकाणी वाढली. जर्मन आणि भारतीय शास्त्रज्ञांनी तळातला सुमारे दहा मीटर गाळ नळीत धरून वर काढला आणि त्याचा थरन् थर तपासला. त्यात सुमारे अकरा हजार वर्षांचा हिशोब मिळाला. काही थरांत गेलुसाइट नावाचे स्फटिक आहेत. सोडियम आणि कॅल्शियम यांचं हे मिश्र खनिज पाणी फार आटून खार दाट झाल्याशिवाय तयार होत नाही. म्हणजे जिथे गेलुसाइट, तिथे दुष्काळ.

असे दोन मोठे काळ मिळाले. एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. एक-दोन वर्षांची नापिकी नव्हे, तर पिढ्यान् पिढ्या कमकुवत पावसाळे. आपण १९७२ चा दुष्काळ मोठा म्हणतो, आणि तो होताच. पण त्या चिखलात सातशे वर्षांचा दुष्काळ लिहिलेला आहे. पावसावर जगणाऱ्या जिल्ह्याला यापेक्षा महत्त्वाची वही दुसरी नाही. आणि ही वही वाचता येते ती तळाचा गाळ कोणी उकरला नाही म्हणूनच.

२०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हाही खाराचाच खेळ होता. पाणी कमी, ऊन जास्त, खार दाट. अशा पाण्यात वाढणारे मीठप्रेमी सूक्ष्मजीव बळावले, त्यांच्या अंगातल्या रंगाने तळं गुलाबी दिसलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात विषय गेला, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून कारण स्पष्ट केलं. पाऊस पडून पाणी पातळ झालं, रंग गेला. एरवी हे पाणी हिरवं असतं, तेही खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या स्पिरुलिनासारख्या सूक्ष्मजीवांमुळे.

*आता प्रश्न काय आहे*

अधूनमधून कोणी तरी म्हणतं, खार पुन्हा काढा, पोरांना काम मिळेल. मलाही एकेकाळी तसं वाटायचं. पण हिशोब बसत नाही. कारखान्याच्या सोड्याशी भावात टक्कर देता येणार नाही, आणि चिखल उकरला तर अकरा हजार वर्षांची वही फाटेल. ज्या गोष्टीसाठी जगभरातून माणसं येतात तीच राहणार नाही. काळ्या पत्थरात पडलेली आणि इतकी शाबूत राहिलेली उल्केची विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत. चंद्र आणि मंगळावर लाव्हाचेच खडक आहेत, म्हणून तिथल्या विवरांचा अभ्यास करणारे लोणारला येतात.

खरा धोका वेगळा आहे. खार टिकतो तो पाण्याचा जमाखर्च ठरलेला असतो म्हणून. वरून सांडपाणी आलं, रानातून खतं-औषधं वाहून आली, गोडं पाणी गरजेपेक्षा जास्त उतरलं, तर खार पातळ होतो आणि त्यावर जगणारी सूक्ष्मजीवांची दुनिया बदलते. उलट वरच्या बोअरवेलांनी झरे आटले तरी हिशोब बिघडतो. म्हणजे बोअर मारणारे आपण, खत टाकणारे आपण, आणि नियम आले की कुरकुर करणारेही आपणच. मी स्वतः त्यात आहे. आमच्या उतारावरच्या वावरात बोअर घ्यायचं तीन वर्षं मनात आहे. निर्बंधाचा कागद समोर आला की राग येतो, मग काठावर जाऊन खाली पाहिलं की तो राग अर्धा होतो. पूर्ण जात नाही, कारण पोटाचा प्रश्न आहे. ज्यांच्या जमिनीवर असे निर्बंध येतात त्यांना बदल्यात काय मिळणार, हे कोणी तरी स्पष्ट सांगितलं पाहिजे. नुसतं 'जागतिक वारसा' म्हणून पोट भरत नाही.

आणि एक मागणी, जिला पैसा फार लागत नाही. काठावर उल्केची माहिती आहे, मंदिरांची आहे. खार काढणाऱ्या माणसांची कुठे आहे? दल्ला ओळखणारी, पायाने चाचपून ढेप शोधणारी ती माणसं गेली. त्यांच्या नातवंडांकडे ऐकलेल्या गोष्टी अजून असतील. त्या लिहून घेतल्या पाहिजेत. शाळेतल्या मास्तरांनी पोरांना हा गृहपाठ द्यावा, घरोघरी विचारून आणावं. एक फलक लागावा, त्यावर खाराच्या सहा जातींची नावं असावीत.

*थोडक्यात लक्षात ठेवा*

• विहिरीत निघणारे पांढरे चकाकते खडे बहुतेक गारगोटी, कॅल्साइट किंवा झिओलाइट असतात, चांदी नाही.
• लोणारचं विवर उल्केच्या आघाताने झालं, हे १९७३ च्या अभ्यासात सिद्ध झालं. वयाचे दोन अंदाज आहेत, सुमारे ५२ हजार आणि सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं.
• खार भोवतालच्या खडकातून झऱ्यांच्या पाण्याबरोबर येतो. बाहेर जायला वाट नसल्याने तो साठतो.
• सरोवराचं पाणी पिकाला, गुरांना देऊ नये. सामू फार जास्त आहे, जमीन चोपण होईल.
• खार, दगड, चिखल उचलून आणू नये. अभयारण्याच्या कायद्याने तो गुन्हा ठरतो.

परवा त्या विहीरवाल्या शेतकऱ्याकडे गेलो होतो. विहिरीला पाणी लागलंय, गोडं आहे. चांदीचे खडे त्याने देव्हाऱ्यात ठेवलेत. म्हणाला, "चांदी नसली तर नसू द्या, पाणी तर लागलं ना." आमच्याकडे खाणीचा हिशोब शेवटी असाच होतो.